दोन राउटर, एक कारभारी

खाली दुकान, मागे गोदाम आणि माडीवर बिऱ्हाड ही रचना आपल्या शहरातील जुन्या बाजारपेठांना नवी नाही. गुलमंडी, राजाबाजार, सिटी चौक या भागांत आजही अनेक कुटुंबांचा व्यापार आणि संसार एकाच छताखाली चालतो. साहजिकच इंटरनेटच्या एकाच जोडणीवर दुकानातील बिले, गोदामातील कॅमेरे, मुलांचा अभ्यास आणि आजी-आजोबांचे परगावच्या नातवंडांशी बोलणे, एवढा सगळा भार पडतो. कंपनीचा कारागीर येतो, गल्ल्याजवळ एक पेटी बसवतो आणि निघून जातो. गल्ल्यापाशी वेग उत्तम असतो. माडीवरच्या शेवटच्या खोलीत मात्र नाव दिसते, काम होत नाही. मग बाजारातून दुसरा राउटर आणला जातो. तो जोडणे म्हणजे दोन टोकांना तार लावणे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तार लावण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते : घरातील जाळ्याचा कारभार कोणाच्या हाती राहणार?

स्रोत एक आणि गरजू अनेक, ही अडचण या शहराने पूर्वीही अनुभवली आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि पुढे उत्तरेकडील डोंगरांच्या बाजूचे पाणी नहरीने शहरात आणले. मातीच्या नळांतून आणि वाटेत उभारलेल्या उंच बंबांमधून ते हौदांपर्यंत पोहोचे. बंबाचे काम पाणी पुढे सोडण्याचे. नवे पाणी निर्माण करण्याचे नव्हे. दुसऱ्या राउटरचेही तसेच आहे. तो कंपनीकडून घेतलेला वेग वाढवत नाही. आहे तो वेग दूरच्या खोलीपर्यंत नेतो. ही अपेक्षा प्रथम स्पष्ट असावी.

एका पेटीत चार कामे

भारत सरकारच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट हा किमान वेग मानला होता. त्या काळी टेलिफोनच्या तारेवर मोडेम लागे आणि घरात बहुधा एकच संगणक असे. आता काचेच्या तंतूतून प्रकाशरूपाने संदेश येतो आणि कंपनीची एकच पेटी चार कामे करते. ती प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करते, बाहेरचे आणि आतले जाळे वेगळे राखते, घरातील प्रत्येक उपकरणाला पत्ता देते आणि वाय-फाय प्रसारित करते. आपण विकत आणलेला राउटरही यांपैकी शेवटची तीन कामे करू पाहतो. गोंधळाचे मूळ येथे आहे.

दोन मुनीम, दोन वह्या

एखाद्या पेढीवर दोन मुनीम असावेत, दोघांनी स्वतंत्र वह्या ठेवाव्यात आणि एकाची नोंद दुसऱ्याला दिसू नये, असे झाले तर हिशेब जुळेल का? दोन्ही राउटर पत्ते वाटू लागले की हीच अवस्था होते. माडीवरचा संगणक एका जाळ्यात आणि दुकानातील छपाईयंत्र दुसऱ्या जाळ्यात जाते. इंटरनेट दोन्हीकडे चालते, म्हणून दोष चटकन ध्यानात येत नाही; परंतु माडीवरून बिल छापले जात नाही, दुकानातील संगणकावरचा टॅलीचा हिशेब वर उघडत नाही आणि काही जुन्या पद्धतीचे कॅमेरे बाहेरगावाहून दिसेनासे होतात.

दुसरा धोका क्रमांकाचा. खासगी जाळ्यांसाठी काही क्रमांकमालिका राखीव आहेत. १९९६ मध्ये त्यांचा नियम ठरला. त्यांतील १९२.१६८ ने सुरू होणारी मालिका घरगुती उपकरणांत सर्रास वापरली जाते. त्यामुळे दोन्ही पेट्यांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ हाच निघू शकतो. एकाच गल्लीत एकाच क्रमांकाची दोन घरे असली की टपाल कोणाकडे जावे?

सरळ मार्ग

बहुतेक कुटुंबांना पुढील पद्धत पुरेशी आहे. कारभार कंपनीच्या पेटीकडेच ठेवावा आणि नव्या राउटरला केवळ प्रसारकाचे काम द्यावे.

१. नवा राउटर मुख्य पेटीला न जोडता सुरू करावा. एका संगणकाला तारेने जोडून, राउटरच्या तळाशी छापलेल्या पत्त्यावरून त्याची मांडणी उघडावी.

२. त्यात ‘अॅक्सेस पॉइंट’ असा पर्याय असल्यास तो निवडावा. त्यानंतर नवा राउटर पत्ते वाटणे आपोआप थांबवतो. माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या खाचेतून तार मुख्य पेटीच्या ‘लॅन’ खाचेत लावावी.

३. तो पर्याय नसल्यास राउटरला मुख्य पेटीच्याच मालिकेतील, पण कोणालाही न दिलेला पत्ता द्यावा. मुख्य पेटी १९२.१६८.१.१ असेल आणि तिच्या वाटपाच्या यादीबाहेर १९२.१६८.१.२ मोकळा असेल, तर तो चालेल. मग ‘डीएचसीपी’, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करावी. तार दोन्हीकडे ‘लॅन’ खाचेतच लावावी. नव्या राउटरची ‘वॅन’ खाच रिकामी ठेवावी.

४. वाय-फायचे नाव, सुरक्षापद्धती आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखे ठेवल्यास वर-खाली करताना मोबाइल स्वतःच जवळचा प्रसारक पकडू शकतो. २.४ गिगाहर्ट्झवर दोघांना निरनिराळ्या वाहिन्या द्याव्यात; १, ६ आणि ११ या वाहिन्या परस्परांत मिसळत नाहीत. ५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक मिळतो, परंतु जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, लोखंडी कपाटे आणि स्लॅब यांपुढे तो लवकर थकतो.

दुसरा मार्ग याच्या उलट आहे : कंपनीच्या पेटीला केवळ मोडेम म्हणून ठेवून सारा कारभार आपल्या राउटरकडे घ्यायचा. याला ‘ब्रिज मोड’ म्हणतात. आपला राउटर अधिक सक्षम असेल तर हा मार्ग चांगला. मात्र त्यासाठी कंपनीची संमती आणि बहुधा जोडणीचे वापरनाव व पासवर्ड लागतो. दुकानाचा दूरध्वनी त्याच पेटीवर असेल तर या बदलाने तो बंद पडणार नाही ना, याची आधी चौकशी करावी.

गिऱ्हाईक आणि हिशेब

व्यापारी कुटुंबाने सर्वांत अधिक विचार करावा अशी गोष्ट पुढेच आहे. दुकानात बसलेले गिऱ्हाईक सौजन्याने पासवर्ड मागते आणि आपण तो देतो. त्या क्षणी त्याचा मोबाइल हिशेबाचा संगणक, कॅमेऱ्यांचा संच आणि छपाईयंत्र यांच्याच जाळ्यात येतो. गिऱ्हाईक सज्जन असले तरी त्याच्या मोबाइलमध्ये काय शिरले आहे, हे त्यालाही ठाऊक नसते.

यावर उपाय म्हणून काही जण दुसरा राउटर ‘वॅन’ खाचेतून जोडून गिऱ्हाइकांसाठी वेगळा ठेवतात आणि निश्चिंत होतात. ही रचना नेमकी उलटी आहे. अशा जोडणीत आतल्या राउटरवरचा मनुष्य बाहेरच्या जाळ्यातील उपकरणांपर्यंत पोहोचू शकतो. बाहेरच्याला मात्र आतले सहसा दिसत नाही. म्हणजे तिजोरी ओटीवर आणि पाहुणा माजघरात, असा प्रकार होतो. दोन जाळी मुद्दाम ठेवायचीच असतील तर हिशेब आतल्या राउटरमागे असावा, गिऱ्हाईक बाहेरच्यावर असावे आणि दोन्हींच्या मालिका वेगळ्या असाव्यात.

याहून सोपा उपाय म्हणजे मुख्य पेटीतील ‘गेस्ट नेटवर्क’. पाहुण्यांना त्याचाच पासवर्ड द्यावा. अॅक्सेस पॉइंट केलेल्या अनेक साध्या राउटरांत मात्र पाहुण्यांचे जाळे खरोखर वेगळे राहत नाही. म्हणून त्या जाळ्यावर मोबाइल जोडून मुख्य पेटीचे किंवा कॅमेऱ्याचे पान उघडते का, हे एकदा तपासावे. उघडले तर ते जाळे नावापुरतेच वेगळे आहे, असे समजावे. दोन्ही पेट्यांच्या मांडणीचे मूळ पासवर्डही पहिल्याच दिवशी बदलावेत.

तार ओढताना

तांब्याची नेटवर्क तार १०० मीटरपर्यंत भरवशाची असते. ती विजेच्या तारांपासून दूर, स्वतंत्र नळीतून न्यावी. गल्ली ओलांडून समोरच्या गोदामात किंवा उघड्या गच्चीवरून न्यायची असेल तर तांब्याऐवजी काचेची तार वापरावी. पावसाळ्यात जवळपास वीज कोसळल्यास तांब्यावाटे तिचा धक्का दोन्हीकडची उपकरणे जाळू शकतो. वीजपुरवठा खंडित झाल्यावरही काम चालावे, अशी इच्छा असल्यास दोन्ही पेट्यांना पर्यायी वीज द्यावी; एकीलाच दिली तर माडी किंवा दुकान यांपैकी एक ठिकाण अंधारात राहते.

सर्व जोडणी पूर्ण झाल्यावर एका कागदावर लिहून ठेवावे : कोणती पेटी पत्ते वाटते, दुसरीचा पत्ता काय, पाहुण्यांचे जाळे कोणते आणि मांडणीचे पासवर्ड काय. तो कागद जोखमीच्या कागदपत्रांसोबत कपाटात ठेवावा आणि घरातील किमान दोघांना त्याची माहिती असावी. पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. ज्या दिवशी जोडणी बंद पडेल, त्या दिवशी सारे जाणणारा मुलगा परगावी असू शकतो. तेव्हा गल्ल्यावर बसलेल्या वडिलांना किंवा सुनेला तो एक कागद पुरेसा व्हावा.