रात्रदर्शी एकनेत्री दुर्बीण

रात्रदर्शी एकनेत्री दुर्बीण हे एका डोळ्याला लावून अंधारातील दृश्य पाहण्याचे, हातात मावणारे उपकरण आहे. व्यवहारात ते नाइट व्हिजन मोनोक्युलर याच नावाने ओळखले जाते. अशा उपकरणांचा उगम लष्करी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी व अमेरिका यांनी अवरक्त दिव्याच्या साहाय्याने चालणारी उपकरणे वापरली. पुढे व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याने केवळ चांदण्यांच्या प्रकाशावर चालणाऱ्या दुर्बिणी वापरल्या. अंकीय कॅमेऱ्याचे तंत्र स्वस्त झाल्यानंतर ही दुर्बीण निसर्गनिरीक्षक, शेतकरी व रखवालदार यांच्या आवाक्यात आली. मात्र वेष्टनावर छापलेले वर्धन आणि अंतर यांवरून तिची उपयुक्तता ठरत नाही. ती ठरते उपलब्ध प्रकाशावर आणि तो गोळा करणाऱ्या भिंगावर.

प्रकार व कार्यतत्त्व

पौर्णिमेच्या रात्री जमिनीवर सुमारे ०.१ ते ०.३ लक्स इतका प्रकाश असतो. चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री तो सुमारे ०.००१ लक्सपर्यंत उतरतो. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावरून प्राण्यांची नोंद करण्याची महाराष्ट्रातील पद्धत चंद्रप्रकाशाच्या याच आधारावर उभी आहे. त्याहून गडद अंधारात पाहण्यासाठी तीन प्रकारची उपकरणे मिळतात.

प्रतिमावर्धक नळीच्या दुर्बिणीत अंधुक प्रकाश एका संवेदनशील पृष्ठभागावर पडून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. विद्युतदाबाने त्यांना गती देऊन प्रस्फुरक पडद्यावर आदळवले जाते व तेथे उजळ, बहुधा हिरवे चित्र उमटते. दुसऱ्या पिढीपासून नळीत सूक्ष्म छिद्रांची एक चकती असते. ती इलेक्ट्रॉनांची संख्या अनेक पटींनी वाढवते. तिसऱ्या पिढीच्या उपकरणाची किंमत लाखांच्या घरात जाते.

अंकीय दुर्बिणीत सिलिकॉनचा संवेदक असतो. डोळ्याला न दिसणारे, दृश्य प्रकाशालगतचे अवरक्त किरणही तो टिपतो. दुर्बिणीवरील अवरक्त दिवा समोरचा भाग उजळतो व चित्र आतील छोट्या पडद्यावर दिसते.

औष्णिक दुर्बीण प्रकाशावर अवलंबून नसते. सुमारे ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीची उष्णतेची प्रारणे टिपून ती तापमानातील फरकाचे चित्र दाखवते. सावलीत बसलेला प्राणी तिला सहज सापडतो. पण खिडकीच्या काचेतून ती बाहेरचे पाहू शकत नाही.

मर्यादित खर्चात निवड

कमी खर्चात नवी घ्यायची असल्यास अंकीय दुर्बीण सर्वसाधारणपणे सोयीची ठरते. तिला दिवसाच्या प्रकाशाने सहसा इजा होत नाही आणि अनेक नमुन्यांत छायाचित्र घेण्याची सोय असते. पहिल्या पिढीची जुनी नळी स्वस्तात मिळू शकते. परंतु प्रखर उजेडाने ती खराब होते आणि चित्राच्या कडा अस्पष्ट दिसतात.

निवडताना प्रथम समोरचे भिंग पाहावे. ५० मिलिमीटर व्यासाचे भिंग २५ मिलिमीटरच्या भिंगाच्या चौपट प्रकाश गोळा करते. भिंगाचा एफ-अंक जितका लहान तितके चित्र उजळ, १.२ अंकाचे भिंग २ अंकाच्या भिंगापेक्षा संवेदकावर सुमारे पावणेतीन पट उजळ प्रतिमा पाडते. वर्धन वाढले की दृश्यक्षेत्र अरुंद होते व हाताचा कंप अधिक जाणवतो, म्हणून हातात धरून वापरण्यासाठी कमी वर्धन बरे. अंकीय वर्धनाने चित्र केवळ ताणले जाते. त्यात नवा तपशील येत नाही.

अवरक्त दिव्याची तरंगलांबीही महत्त्वाची आहे. ८५० नॅनोमीटरचा दिवा दूरवर उपयोगी पडतो, पण समोरून तो मंद लाल ठिपक्यासारखा दिसतो. ९४० नॅनोमीटरचा दिवा माणसाला दिसत नाही. मात्र त्या तरंगलांबीला संवेदक कमी प्रतिसाद देत असल्याने त्याचा पल्ला घटतो. बाजारात सहज मिळणारी, बदलता येणारी बॅटरी असलेला नमुना रात्रभराच्या कामाला सोयीचा असतो.

अंतराच्या दाव्याचा अर्थ

‘३०० मीटरपर्यंत दिसते’ या विधानात ‘दिसणे’ म्हणजे काय, हे सांगितलेले नसते. अमेरिकी लष्करासाठी काम करणारे जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये यासाठी निकष मांडले. चित्रबिंदूंच्या भाषेत त्यांचे सार असे : काहीतरी आहे एवढे कळण्यासाठी वस्तूच्या लहान बाजूवर सुमारे २, तिचा प्रकार कळण्यासाठी ८ आणि ती नेमकी ओळखण्यासाठी सुमारे १३ चित्रबिंदू लागतात. एवढे असूनही यशाची शक्यता निम्मीच धरलेली आहे.

समजा, दुर्बिणीचे दृश्यक्षेत्र १० अंश आणि संवेदकाची रुंदी ६४० चित्रबिंदू आहे. ३०० मीटरवर हे क्षेत्र सुमारे ५२ मीटर रुंद होते. म्हणजे एका मीटरला १२ चित्रबिंदू. ६० सेंटिमीटर उंचीच्या बिबट्याच्या वाट्याला त्यांतील सातच येतात. हालचाल कळेल, पण तो बिबट्या की कुत्रा हे ठरवता येणार नाही. १०० मीटरवर हीच संख्या २१ च्या पुढे जाते. शिवाय अंतर दुप्पट झाले की दिव्याचा वस्तूवर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश उरतो.

वापर

दुर्बीण प्रथम उजेडात हाताळून नेत्रिका व समोरचे भिंग यांची जुळणी शिकून घ्यावी. नेत्रिका फिरवून आतील पडद्यावरची अक्षरे स्पष्ट करावीत. त्यानंतर समोरच्या भिंगाने दृश्य स्पष्ट करावे. अंधाराला पूर्ण सरावण्यास डोळ्याला सुमारे २० ते ३० मिनिटे लागतात आणि उजळ पडद्यामुळे हा सराव मोडतो. म्हणून पडद्याची प्रखरता कमी ठेवावी व दुसरा डोळा अंधारालाच सरावू द्यावा. दिवाही गरजेपुरताच लावावा. त्याने बॅटरी लवकर संपते. धुके व पाऊस यांत थेंबांवरून परतणारा प्रकाश चित्र पांढुरके करतो, तर काचेमागून पाहताना दिव्याचेच प्रतिबिंब दिसते. चालू दिव्याकडे जवळून पाहू नये; अदृश्य किरणांमुळे बाहुली आकुंचन पावत नाही.

मर्यादा व सुरक्षितता

अवरक्त प्रकाश दाट पिकाच्या आरपार जात नाही. उसाच्या फडाच्या कडेची पाने दिव्याने लखलखतात आणि त्यांमागचा भाग अधिकच काळा दिसतो. जुन्नरसारख्या बिबट्यांचा वावर असलेल्या भागात रात्री पिकाला पाणी देणाऱ्यांसाठी ही मर्यादा जिवाशी निगडित आहे : दुर्बिणीत प्राणी न दिसणे म्हणजे तो तेथे नसणे नव्हे. बांध किंवा मोकळे रान दुरून तपासण्यास ती उपयोगी पडते. मात्र सोबतीने जाणे, आवाज करत चालणे आणि साधी विजेरी जवळ ठेवणे या गोष्टींची जागा ती घेऊ शकत नाही. एका डोळ्याने पाहताना अंतराचा अंदाजही चुकतो, त्यामुळे ती डोळ्याला लावून चालू नये वा वाहन चालवू नये.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतात अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानातील प्रवेश परवानगीच्या अधीन आहे. दुर्बीण जवळ असल्याने रात्री तेथे जाण्याचा अधिकार मिळत नाही. निरीक्षण करताना प्राण्याचा पाठलाग करू नये आणि त्याची पाण्याकडे जाणारी वाट अडवू नये.