आमसुलाची बेगमी कोणी करावी?

इंदुरातील जुन्या मराठी घरांनी माळव्याचे पुष्कळ काही आपलेसे केले. सकाळचे पोहे-जिलबी घेतली, दाल-बाफले घेतले. आमटीच्या आंबटपणाबाबत मात्र तडजोड झाली नाही. चिंच चालते, आमचूर नाइलाजाने चालते. पण पितृपक्षातल्या चटणीला आमसूलच लागते. ते माळव्यात पिकत नाही. कोकणातून ते आणून विकण्याचा धंदा आमच्या घरात तीन पिढ्या चालत आला आहे, म्हणून त्यातील एक अडचण वाचकांपुढे ठेवतो.

रातांबे पिकतात ते एप्रिल-मे महिन्यांत. पिकलेले फळ थोडे दिवसच टिकते. म्हणून त्याची साल काढावयाची, मीठ घातलेल्या त्याच्याच रसात भिजवावयाची, उन्हात वाळवावयाची आणि पुन्हा रसात बुडवावयाची. असे कित्येक दिवस चालते. जूनमध्ये पाऊस उतरला की ऊन संपले आणि कामही संपले. माल तयार होतो काही आठवड्यांत आणि खपतो बारा महिने. वर्षाचा अंदाज मे महिन्यातच बांधून पैसे अडकवावे लागतात. ‘संपले की मागवू’ ही सोय येथे नाही.

लोकांना वाटते, लांबचा प्रवास हीच मोठी अडचण असेल. एकेकाळी होती. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन जी रेल्वे इंदुरास आणविली, तिचे रूळ अरुंद होते. मुंबईकडील गोण्या खंडव्यास मोठ्या गाडीतून उतरवून लहान गाडीत चढवाव्या लागत. आता आग्रा रस्त्याने ट्रक येतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर विक्रीकराचे नाकेही उठले. रस्ता कधी नव्हता इतका सोपा झाला आहे.

अवघड झाली आहे ती साठवण. पूर्वी मे महिन्यात घरोघरची यादी दुकानात येई: आमसूल, फणसपोळी, कुळथाचे पीठ. पावसाळ्यापूर्वी बेगमी घरात पडे. सासूबाई चिनी मातीच्या बरण्या भरीत, दादरा बांधीत, अधूनमधून उघडून पाहत. आम्हाला कोणी सांगितले नाही, पण आमचे निम्मे कोठार त्या माजघरांत होते. अंदाज त्यांचा, राखण त्यांची, पैसेही त्यांनी आगाऊ मोजलेले.

आता घरे लहान झाली, मुले पुण्या-बंगळुरास गेली. गिऱ्हाईक शंभर ग्रॅमची पुडी नेते. त्यात त्याचा दोष नाही. दोन माणसांच्या घरात वर्षाचे आमसूल ठेवणार कोठे? परंतु माजघरातली बेगमी नाहीशी झालेली नाही, ती दुकानावर येऊन पडली आहे. श्रावणाच्या दमट हवेत आमसुलाला पाणी सुटते, पिठात किडे होतात, आणि भांडवल वर्षभर अडकून राहते.

त्यातून एक नियम आपोआप ठरतो. ज्या जिन्नसाचे पोते वर्षात संपत नाही, तो पुढच्या मेमध्ये मागविला जात नाही. कोकणातला जो माणूस आमच्यासाठी माल बाजूला काढून ठेवीत असे, तो दुसरे गिऱ्हाईक धरतो. मग पुन्हा मागूनही तसा माल मिळत नाही. कुळथाचे पीठ आमच्याकडून असेच गेले. ते कोणाला नकोसे झाले नव्हते. दहा-वीस घरांना हवेच होते. पण दहा-वीस घरांनी पोते संपत नाही.

आमसुलाची पाळी अजून आलेली नाही. येऊ नये असे वाटत असेल तर जुन्या यादीची प्रथा नव्याने चालू करता येईल. माल घरी नेऊ नका, बरण्या भरू नका. फक्त मेच्या आरंभी आपल्या दुकानदारास वर्षाला किती लागेल ते सांगून ठेवा. पाव किलो म्हणा, अर्धा किलो म्हणा. माल त्याच्याकडेच राहू दे, लागेल तसा न्या. राखण तो करील. त्याला हवा आहे तो फक्त अंदाजाला आधार.