मालाची ओळख संगणकास पटावी म्हणून

पावसाळा सरला की अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या उभ्या राहतात आणि त्यांवर जोडीजोडीने अडकविलेले बोंबील उन्हात वाळू लागतात. हा माल बाजारात नेणाऱ्या कोळी भगिनीस त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. माल समोर असतो, भाव तोंडी ठरतो. परंतु तोच माल इंटरनेटवरील दुकानात मांडला की निराळीच अडचण उद्भवते. कोणी त्यास ‘सुके बोंबील’ म्हणतो, कोणी ‘बोंबील सुका’, गुजराती व्यापारी ‘बुमला’ म्हणतो, तर इंग्रजीत त्याचे नाव ‘बॉम्बे डक’, म्हणजे चक्क मुंबईचे बदक! माणूस हे हसून समजून घेतो. यंत्रापुढे मात्र केवळ अक्षरे असतात. परिणामी शोध घेणाऱ्या ग्राहकापर्यंत चांगला मालही पोहोचत नाही.

सातबाऱ्याचे तत्त्व

या अडचणीवरील उपाय ग्रामीण वाचकांस अपरिचित नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यात खातेदाराचे नाव, क्षेत्र व पीक यांचे रकाने ठरलेले असतात. म्हणून परगावचा अधिकारीही तो वाचू शकतो. विक्रीच्या पानावर नुसता ‘५००’ असा आकडा असेल, तर तो ग्रॅमचा की रुपयांचा, हे यंत्रास खात्रीने कळत नाही. त्यासाठी पानाच्या अंतर्भागात वस्तूचे नाव, प्रकार, वजन, किंमत, चलन, शिल्लक साठा व विक्रेता अशी रकानेवार नोंद जोडतात. हिलाच संरचित माहिती म्हणतात.

वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी दोन सहकाऱ्यांसह २००१ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे ‘सिमँटिक वेब’, म्हणजे अर्थ जाणणारे जाळे, ही कल्पना सर्वत्र परिचित झाली. व्यापारासाठी मार्टिन हेप यांनी २००८ मध्ये ‘गुडरिलेशन्स’ हा शब्दसंग्रह तयार केला. २०११ मध्ये गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट या स्पर्धकांनी एकत्र येऊन ‘स्किमा डॉट ऑर्ग’ हा सामाईक शब्दसंग्रह सुरू केला आणि २०१२ मध्ये ‘गुडरिलेशन्स’ त्यात सामावला गेला.

नावे अनेक, क्रमांक एक

नावांचा घोळ मिटविण्यासाठी क्रमांक उपयोगी पडतात. वेष्टनावरील पट्टीसंकेत १९७४ पासून दुकानांत वापरात आहे. कर व आयात-निर्यातीच्या वर्गीकरणात सुकविलेल्या व खारविलेल्या माशांसाठी ०३०५ हे शीर्षक आहे. अशा क्रमांकाची जोड मिळाली की बोंबील हा मासाच, बदक नव्हे, हे यंत्रास उमगते. वसई परिसरातील राजेळी केळ्यांची सुकेळी ही ताजी केळी नव्हेत, हेही याच रीतीने स्पष्ट करता येते.

डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स’ या भारतीय उपक्रमाचा पायाही हाच आहे. त्यात ग्राहक एका ॲपवर व विक्रेता दुसऱ्याच ॲपवर असू शकतो. नोंदीची भाषा सामाईक नसती, तर असा व्यवहार शक्य झाला नसता.

दक्षता हवी

नोंद म्हणजे विक्रीची हमी नव्हे. ती पानावरील दृश्य मजकुराशी तंतोतंत जुळली पाहिजे. साठा संपला असता ‘उपलब्ध’ असे राहू देणे किंवा जुना भाव कायम ठेवणे ही ग्राहकाची फसवणूकच ठरते. शोधयंत्रेही अशा नोंदींचा विशेष उल्लेख काढून टाकतात. वेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव व पत्ता द्यावाच लागतो. हीच माहिती काळजीपूर्वक भरली, तर नोंदीचा बराच भाग आपोआप सिद्ध होतो.

इंटरनेटवरील दुकान चालविण्याच्या अनेक तयार प्रणाली ही नोंद स्वतःच तयार करतात. विक्रेत्याने रकाने पूर्ण व खरे भरावयाचे असतात. ज्या बचत गटातील भगिनींना हे अवघड वाटते, त्यांना गावातील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य साहाय्य करू शकतील. शाळेतील विद्यार्थ्यांनी गावच्या दहा वस्तूंची नावे, स्थानिक पर्याय, मापे व मोसम यांचा तक्ता केला, तरी एक उत्तम प्रारंभ होईल. आपल्या मालाचे नाव आपणच नीट लिहिले नाही, तर ते दूरचा व्यापारी आपल्या सोयीने लिहील आणि मालाबरोबर त्याच्या गावाची ओळखही पुसली जाईल.