दोरीच्या दुसऱ्या टोकाला

सप्टेंबर २०२४. पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये सिमरन शर्माने अल्पदृष्टी धावपटूंच्या टी-१२ गटातलं २०० मीटरचं ब्राँझ जिंकलं, २४.७५ सेकंदांत. घरात सगळे तिच्याकडे बघत होते. माझी नजर मात्र तिच्या शेजारून तितक्याच वेगाने पळणाऱ्या माणसावरून हटेना. अभय सिंह त्याचं नाव. पदक त्यालाही मिळालं, कारण नियमच तसा आहे. पण बातमी सांगणाऱ्याने त्याला ‘गाइड’ या एका शब्दात उरकलं.

हे गाइडचं काम असतं तरी कसं, ते बघायला मी पुण्यात सणस मैदानावर सकाळी जाऊ लागलो. समोर सारसबाग, त्यामुळे फिरायला येणारी मंडळी भरपूर. दंवाने ओल्या झालेल्या सिंथेटिक ट्रॅकला रबराचा एक उग्र वास येतो. त्या वासात एक मुलगी आणि एक तरुण पाय मोकळे करत होते. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, जन्मापासून पूर्ण अंध. तो कॉलेजात असताना चारशे मीटर पळायचा, आता दिवसभर कुरिअरची पार्सलं पोचवतो. नाव छापू नका, म्हणाला. ती त्याला दादा म्हणते, तेवढं पुरे.

त्याने खिशातून दोरी काढली. बुटाच्या नाड्या दुहेरी विणून दोन्ही टोकांना फास केलेले, मध्ये गाठ नाही. “तीस सेंटीमीटर,” तो म्हणाला. ट्रॅकवरच्या शर्यतीत दोन हातांमध्ये यापेक्षा जास्त दोरी चालत नाही आणि ती ताणली जाणारीही नको. त्याने ती शाळेतल्या फूटपट्टीवर मोजून केलीय. तीस सेंटीमीटर म्हणजे अख्खी फूटपट्टी, एक रेघ इकडे ना तिकडे.

एक फास तिच्या उजव्या हातात, दुसरा त्याच्या डाव्या हातात. आता हे दोन हात एकाच वेळी पुढे-मागे व्हायला हवेत. म्हणजे तिचा डावा पाय पुढे पडेल तेव्हा त्याचा उजवा पडायला हवा. शेजारीशेजारी पळायचं, पण आरशातल्यासारखं उलटं. त्याचं पाऊल मुळात लांब, ते तिच्या मापाचं करायचं. हे जमायला त्यांना कित्येक महिने लागले, असं ती हसत सांगते. सुरुवातीला दंडाला दंड आपटून दोघांच्याही कातडीला लाली यायची.

वॉर्म-अप, स्ट्रेचिंग, दोन हलक्या फेऱ्या, हे सगळं कुठल्याही धावपटूसारखंच. मग तिने डोळ्यांवर काळा पट्टा चढवला. पूर्ण अंध असूनही? हो. तिच्या टी-११ या जवळपास पूर्ण अंधांच्या गटात सगळ्यांनाच तो सक्तीचा, म्हणजे कुणाला अंधुक उजेडाचाही फायदा नको. शर्यतीत प्रत्येक जोडीला दोन लेन मिळतात, म्हणून आठ लेनच्या ट्रॅकवर चारच जोड्या.

शिट्टी झाली. मी कठड्याला टेकून नुसता ऐकत राहिलो. पहिल्या काही पावलांत चार पायांचा गोंधळ ऐकू येतो. मग तो विरत जातो आणि दोघांच्या स्पाइक्सचा मिळून एकच आवाज उरतो, टप, टप, टप. त्यावर त्याचा आवाज : “वळण आलं... वळण... वळण... सरळ. खांदे सोड. शंभर राहिले. रेट, रेट... छाती!” चारशे मीटरच्या शेवटच्या सरळ पट्ट्यात धडधाकट माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही. हा मात्र बोलतोय. त्याचा अर्धा श्वास तिच्यासाठी खर्च होतो, आणि वळणावर बाहेरच्या बाजूला असल्यामुळे अंतरही त्यालाच थोडं जास्त कापावं लागतं.

एवढं करून रेषा आधी तिनेच ओलांडायची. गाइडचा देह पुढे गेला की जोडी बाद. तिला ओढलं तरी बाद. म्हणजे तिच्याहून वेगवान असायचं, आणि ते कधीच दाखवायचं नाही. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये ग्रीसच्या अथानासिओस गावेलासने टी-११ गटात शंभर मीटर १०.८२ सेकंदांत मारले, तो त्या गटातला विश्वविक्रम ठरला. त्याच्या हाताला बांधलेला माणूसही तेवढाच पळाला होता, हे कुणाच्या लक्षात येतं?

दोरी सोडली तर काय होतं, ते स्पेनच्या एलेना काँगोस्तला विचारा. पॅरिस पॅरालिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये ती तिसरी येत होती. अगदी शेवटच्या काही मीटरवर तिच्या गाइडच्या पायात गोळे आले. तो पडू नये म्हणून तिने क्षणभर दोरी सोडून त्याला हात दिला. मागची धावपटू तीन मिनिटांहून जास्त मागे होती. तरीही तिला बाद ठरवलं गेलं. पुण्यातल्या या दोघांना ही गोष्ट तोंडपाठ आहे. “मी पडलो तर तू सोडू नकोस,” तो तिला म्हणतो. “मग मीपण पडेन,” ती म्हणते, आणि दोघं त्यावर खळखळून हसतात.

बाकावर बसलेले एक आजोबा मला म्हणाले, “केवढं पुण्याचं काम करतोय हो हा!” गाइडने ऐकलं. आजोबा गेल्यावर मला म्हणाला, “पुण्य वगैरे काही नाही. याला मांड्या लागतात.” आणि त्याची अडचण वेगळीच आहे. तिची वेळ दर मोसमाला कमी होतेय. ती आणखी थोडी सुधारली की तो तिला पुरा पडणार नाही, तिला दुसरा गाइड शोधावा लागेल. आपण चांगलं शिकवलं म्हणून आपलीच गच्छंती, असं हे काम. ते तो कडवटपणे सांगत नाही, हिशेब सांगावा तसं सांगतो. मला मात्र कडवट वाटलं. कारण या सगळ्याचे त्याला पैसे मिळत नाहीत. स्पाइक्स स्वतःचे, स्पर्धेला जायचं तर रजा बिनपगारी.

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. त्यातलं खेळांविषयीचं कलम, योगायोग बघा, तिसावंच. त्यात सुविधा आहेत, तंत्रज्ञान आहे, निधी आहे, स्पर्धाही आहेत. तीस सेंटीमीटरवरून पळणाऱ्या माणसाचा उल्लेख नाही. ज्याच्याशिवाय शर्यतच होत नाही, त्याला ‘मदतनीस’ म्हणून फुकटात वापरणं मला तरी पटत नाही. प्रशिक्षकाला मानधन असेल तर गाइडलाही हवं.

ते होईल तेव्हा होवो. आज अडलंय ते माणसांवर, त्यातही मुलींवर. अनेक अंध मुलींना मुलगीच गाइड हवी असते आणि त्या वेगाची मुलगी मिळत नाही. तुमच्या घरात, कॉलेजात, सोसायटीत कुणी नेटाने पळणारी असेल, तर जवळच्या अंधशाळेत एकदा चौकशी करायला सांगा. दोरी तिथे मिळेल, नाहीतर बुटाच्या नाड्या आहेतच.