चित्रातील वादक आणि वर्णनाचे व्याकरण

वर्णनपर लेखनाचा अभ्यास करताना आपण निसर्गवर्णने आणि व्यक्तिचित्रे वाचली. प्रस्तुत घटकात थोडे वेगळे उदाहरण घेऊ : वाद्य वाजविणाऱ्या तरुण व्यक्तीचे चित्र. वादन ही काळाच्या ओघात घडणारी क्रिया आहे. चित्र मात्र स्थिर आणि निःशब्द असते. त्यामुळे चित्रकार आणि त्या चित्राचे वर्णन करणारा लेखक, दोघांपुढेही एकाच जातीची अडचण उभी राहते.

उदाहरण म्हणून काराव्हाज्जो (१५७१–१६१०) या इटालियन चित्रकाराचे ‘ल्यूटवादक’ हे तैलचित्र पाहू. सुमारे १५९५-९६ मध्ये रोम येथे रंगविलेले हे चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. ल्यूट म्हणजे फुगीर पाठीचे, खुंट्यांकडील टोक मागे मुडपलेले तंतुवाद्य. (‘लाकूड’ या अर्थाच्या अरबी ‘अल्-ऊद’ वरून हे नाव युरोपात गेले, अरबी उपपदातील ‘ल’ त्याला कायमचा चिकटला.)

काराव्हाज्जोची पूर्वतयारीची रेखाटने उपलब्ध नाहीत. समोर माणूस बसवून तो थेट कॅनव्हासवर काम करी. अशा वेळी वादकाला वाजवू द्यावे तर बोटे हलणार आणि थांबवावे तर ती निर्जीव दिसणार. चित्रात उजवा हात तारांवर आहे, डाव्या हाताची बोटे पडद्यांवर दाबलेली आहेत आणि ओठ किंचित विलग झाले आहेत. हे गाणे सुरू होण्याआधीचे आहे, मधले की नुकतेच संपल्यानंतरचे? मराठीत लिहिताना याचे उत्तर द्यावेच लागते. ‘छेडणार आहे’, ‘छेडतो आहे’, ‘छेडली आहे’ यांपैकी एक रूप निवडल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. क्रियाव्याप्तीची ही निवड चित्रकाराने मोकळी ठेवली आहे, आणि माझ्या मते चित्राचा जिवंतपणा तिथेच आहे.

आवाजासाठी त्याने आणखी एक युक्ती केली. समोरच्या मेजावर स्वरलिपीची वही उघडी आहे आणि तिच्यातील स्वरचिन्हे इतकी स्पष्ट आहेत की ती आर्काडेल्ट या सोळाव्या शतकातील संगीतकाराच्या माद्रिगालांची, म्हणजे अनेक आवाजांत गायच्या प्रेमगीतांची, असल्याचे अभ्यासकांनी ओळखले. त्या काळी प्रत्येक आवाजाची वही वेगळी छापत. उघडी वही खर्जाच्या आवाजाची आहे. शेजारी व्हायोलिन आणि गज कोणी न उचलता पडून आहेत. म्हणजे एकटी व्यक्ती रंगविलेली असली, तरी मैफलीत इतरांची जागा राखलेली आहे.

आता खऱ्या प्रश्नाकडे वळू. चित्रातील व्यक्ती तरुण आहे की तरुणी? बाल्योने याने १६४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चित्रकारांच्या चरित्रांत ल्यूट वाजविणाऱ्या युवकाचा उल्लेख आहे. हा बाल्योने काराव्हाज्जोचा प्रतिस्पर्धी. बदनामीकारक कवितांवरून त्याने १६०३ मध्ये काराव्हाज्जोवर फिर्यादही केली होती, तरी या चित्राची त्याने प्रशंसा केली. बेल्लोरी याने मात्र १६७२ मध्ये हीच रचना सदरा घातलेल्या स्त्रीची म्हणून नोंदविली. या रचनेच्या एकाहून अधिक प्रती असल्याने दोघांनी एकच प्रत पाहिली असे धरता येत नाही. पण गोल चेहरा, केसांतील फीत आणि गळ्याशी मोकळा सदरा पाहता बेल्लोरीला दोष देणे कठीण आहे. आजचे अभ्यासक बहुधा ही व्यक्ती तरुण मुलगा मानतात.

इटालियन लेखकाला लिंगाचा निर्णय नाम आणि उपपद लिहिताना एकदा घ्यावा लागतो. वर्तमानकाळी क्रियापद त्याला पुन्हा विचारत नाही. मराठीत ‘गातो’ की ‘गाते’ हा प्रश्न प्रत्येक वाक्याच्या शेवटी दाराशी उभा असतो. पळवाटा आहेत. ‘वादक व्यक्ती’ म्हटले की क्रियापद व्याकरणाने स्त्रीलिंगी होते, मग व्यक्ती कोणीही असो; परंतु भाषेला पंचनाम्याचा वास येतो. ‘पोर’ हे नपुंसकलिंगी नाम जवळचे वाटते, पण ते वय कमी करते. शिवाय वर्तमानकाळात ‘ती गाते’ आणि ‘ते गाते’ यांचे रूप एकच असल्याने वाचक मुलगीच समजण्याचा संभव असतो. भूतकाळात ‘गायली’ आणि ‘गायले’ असा भेद दिसतो, पण तोवर वादन संपलेले असते.

सर्वांत चांगली वाट खुद्द चित्रकाराची आहे : कर्ता बदलावा. बोटे तारांवर टेकली आहेत, ओठ विलग झाले आहेत, नजर पाहणाऱ्याकडे वळली आहे, मान किंचित कलली आहे. या प्रत्येक वाक्यात क्रियापद अवयवाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते आणि माणसाबद्दलचा निर्णय वाचकाकडे राहतो. मात्र अशी वाक्ये सलग दहा-बारा झाली की माणूस हरवतो आणि सुट्या अवयवांची यादी उरते. त्या टप्प्यावर ‘तो’ किंवा ‘ती’ लिहिण्याचे धाडस करावेच लागते.

कृती : आपल्या परिचयातील सतार, पेटी किंवा तबला वाजविणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र समोर ठेवा. लिंग सूचित न करता आठ वाक्ये लिहा. नंतर नवव्या वाक्यात सर्वनाम आणा आणि आधीच्या वाक्यांचा अर्थ कोठे बदलला ते समासात नोंदवा.