चकव्याच्या माळावर कॅमेरा

बारामती म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस. परंतु सुपे, शिर्सुफळ आणि पलीकडे इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी या बाजूस गेले की मुरमाड, कमी पावसाचा गवताळ माळ सुरू होतो. कुसळी गवत आणि त्यात मधूनच उभे असलेले हिवर, खैर, बोर, बाभूळ हेच इथले अरण्य. सरकारी दप्तरांत अशा जमिनीला ‘पडीक’ म्हणण्याची रीत इंग्रजी अमलापासूनची. ती शिक्क्यासारखी चिकटून राहिली आणि माळ म्हणजे कधीकाळी तोडलेले जंगल, अशी समजूत रूढ झाली. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय व लोकपरंपरा धुंडाळून २०२५ मध्ये या समजुतीला छेद दिला. त्यांना आढळलेल्या ४४ रानटी वनस्पतींपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश अशाच उघड्या गवताळ रानातल्या होत्या. हा माळ किमान साडेसातशे वर्षे माळच आहे.

इतक्या जुन्या रानात भुते नसती तरच नवल! पिंपळावरचा मुंजा, रात्री टिटवी ओरडली की होणारा अपशकुन आणि तिन्हीसांजेला घरात नाव घ्यायचे नाही असा चकवा, ही सारी मंडळी या भागातील ज्येष्ठांच्या बालपणी माळावर सुखाने नांदत होती. कॅमेरा घेऊन पहाटे तेथे उभे राहिले म्हणजे त्यांतल्या काहींची ओळख पटू लागते. हिवराची साल पांढुरकी असते. त्याच्या शास्त्रीय नावातही ‘पांढऱ्या सालीचा’ हाच अर्थ आहे. फटफटण्याआधीच्या उजेडात असे एकटे झाड पांढरे वस्त्र पांघरलेल्या माणसासारखे दिसते. वाटेवर बसलेला रातवा बॅटरीच्या झोतात निखाऱ्यासारखा डोळा दाखवतो. रातवा, लांडगा, खोकड यांच्या डोळ्यांमागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्याची ती किमया. (प्राण्यांवर फ्लॅश मात्र कधीही मारू नये.)

चकव्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि उजाडता उजाडता त्याच बांधावर येऊन पोहोचतो, असे सांगतात. जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये हेच तपासले. जंगलात व सहारा वाळवंटात माणसांना सरळ चालत राहण्यास सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ चालली. तो दिसेनासा होताच नकळत गोल फिरू लागली. डोळ्यांवर पट्टी बांधली तेव्हा काही वर्तुळे अवघ्या वीस मीटर व्यासाची निघाली. दिशेचा अंदाज हरघडी किंचित चुकतो आणि खुणेच्या आधाराने आपण तो सुधारतो. खूण गेली की चुका साचत जातात. चकवा लागल्यास जागीच बसावे, उजाडले की वाट सापडते, हा जुना सल्ला म्हणूनच शहाणपणाचा होता.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला हा चकवा भर दिवसा, ओळखीच्या गल्लीतही लागतो. तिला माळावर नेताना एकाने सतत हाताच्या अंतरावर असावे. खिशात नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. स्मरण शाबूत असलेल्या ज्येष्ठांनीही प्रत्येक वळणावर थांबून मागे वळून एक छायाचित्र घ्यावे. परततांना वाट जशी दिसणार असते तशी ती त्यात टिपलेली असते. मोबाइलवरून घरच्यांना आपले ठिकाण कळत राहील अशी सोय करून ठेवावी, पण माळावर संपर्क तुटू शकतो हे ध्यानी असू द्यावे.

सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये चिंकाऱ्यांसाठी घोषित झाले. क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर, आणि मोरगाव जवळच असल्याने दर्शनाला जोडूनही जाता येते. शिर्सुफळ व कडबनवाडी येथे वनविभागाने गवताळ सफारी सुरू केली आहे. परवाना काढून व स्थानिक मार्गदर्शक घेऊनच जावे. गुडघे दुखणाऱ्यांना वाहनात बसून पाहता येते, ही त्यातली मोठी सोय.

पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. मार्चनंतरचे ऊन ज्येष्ठांनी टाळावे. वय वाढते तशी बाहुली लहान राहते आणि भिंग पिवळसर होते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या सुमारे एक-तृतीयांश उजेड पोहोचतो, शिवाय अंधाराला सरावण्यास वेळही अधिक लागतो. म्हणून अंधारात पायी चालण्याचा हट्ट नको. सूर्य उगवेपर्यंत गाडीतच बसावे आणि नंतर त्याला पाठीशी ठेवून चालावे. मोतीबिंदू असलेल्यांच्या डोळ्यांवर तिरीप येत नाही, शिवाय गवताचा सोनेरी रंगही खुलून उतरतो. हात थरथरत असतील तर किलोभर ज्वारी भरलेली कापडी पिशवी गाडीच्या खिडकीत ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा. महागड्या तिकाटण्यापेक्षा मला ही पिशवी अधिक भरवशाची वाटते. पायांत घोट्यापर्यंतचे बूट हवेत, कारण कुसळे मोज्यांत शिरतात आणि फुरसे वाटेवरच पहुडलेले असते. मधुमेहींनी इन्सुलिनची किंवा गोळीची वेळ सांभाळावी, खिशात खडीसाखर ठेवावी आणि परतल्यावर तळपाय स्वतः तपासावेत किंवा कोणाकडून तपासून घ्यावेत.

इंदापूरकडे पळसदेवचे जुने मंदिर उजनीच्या पाण्यात आहे. धरणाची पातळी फार खालावली की त्याचे शिखर वर येते आणि लोक कॅमेरे घेऊन धावतात. ज्यांचे गाव त्या पाण्याखाली गेले त्यांना मात्र ते दृश्य नवलाचे वाटत नसावे.

सफारीहून आल्यावर छायाचित्रे मोबाइलमध्येच पडून राहतात. त्यांतली सात-आठ निवडून पोस्टकार्डाच्या दुप्पट आकारात, चकाकी नसलेल्या कागदावर छापून घ्यावीत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये वार्धक्यातील गतस्मरणाचे महत्त्व मांडले. तोवर जुन्या आठवणी काढीत बसणे हे म्हातारपणाचे एक खूळच समजले जाई. आज स्मृतिभ्रंशाच्या देखभालीत चित्रे आणि जुन्या वस्तू दाखवून बोलते करणे ही नित्याची रीत आहे. ‘हे कोणते गाव, ओळखा पाहू’ असा परीक्षेचा प्रश्न मात्र घालू नये. उत्तर न आल्यास माणूस खजील होतो. पांढऱ्या हिवराचे चित्र हाती द्यावे आणि ‘तुमच्या गावाकडे चकव्याबद्दल काय सांगत?’ एवढेच विचारावे. मग चहा निवला तरी मध्ये बोलू नये.