मुलांच्या छायाचित्रांसाठी कोणती लेन्स, कोणता फ्लॅश?

भ्रमणध्वनीच्या रूपाने आता जवळजवळ प्रत्येक घरात कॅमेरा पोहोचला आहे. भातकुलीसारख्या तालुक्याच्या गावातही लेकराचे पहिले पाऊल, शाळेतील स्नेहसंमेलन, तान्ह्या पोळ्यातील लाकडी नंदी असा कोणताही प्रसंग छायाचित्रावाचून पार पडत नाही. तरीही शेकडो छायाचित्रांतून जपून ठेवावे असे एखादेच हाती लागते. कुठे चेहरा पुसट आलेला असतो, कुठे डोळे लाल दिसतात, तर कुठे मागच्या भिंतीवर काळी सावली पडलेली असते. मग पालक अधिक महागड्या कॅमेऱ्याचा विचार करू लागतात. वास्तविक दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो. त्यापुढे कोणती लेन्स आहे आणि उजेड कोठून येतो आहे, यावर छायाचित्राचे बरेवाईट अधिक अवलंबून असते.

अडचण नेमकी कोठे आहे?

मुलांच्या छायाचित्रणात दोन अडचणी एकाच वेळी उभ्या राहतात. पहिली, मूल स्थिर बसत नाही. बसून खेळणाऱ्या मुलासाठी शटरचा वेग निदान १/१२५ सेकंद हवा. अंगणात धावणाऱ्या मुलासाठी १/५०० किंवा त्याहून अधिक. दुसरी अडचण घरातील उजेडाची. वऱ्हाडातले ऊन डोळे दिपविणारे असते. पण त्याच उन्हापासून बचाव व्हावा म्हणून आपली घरे जाड भिंतींची आणि लहान खिडक्यांची बांधली गेली. दुपारचे अंगण आणि ट्यूबलाइट लावलेली खोली यांच्या उजेडात सुमारे पाचशे पट फरक असू शकतो. आपला डोळा हा फरक सहज सांभाळून घेतो, म्हणून तो आपल्याला जाणवत नाही. कॅमेऱ्याला मात्र तो जाणवतो. उजेड कमी पडला की कॅमेरा शटर अधिक वेळ उघडे ठेवतो आणि तेवढ्या वेळात मूल हललेले असते.

भ्रमणध्वनीतील रात्रीच्या छायाचित्रणाची सोय येथे फारशी उपयोगी पडत नाही. ती एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक चित्र तयार करते. देवळाचा कळस त्यात सुरेख येतो. तीन वर्षांचे मूल येत नाही.

लेन्सवरील दोन आकडे

प्रत्येक लेन्सवर दोन महत्त्वाचे आकडे असतात. पहिला केंद्रांतराचा, म्हणजे १८, ३५, ५० असा मिलिमीटरमध्ये दिलेला. हा आकडा लहान असेल तर चौकटीत अधिक परिसर मावतो. मोठा असेल तर दूरचे जवळ दिसते. दुसरा आकडा ‘एफ’ या अक्षरापुढचा. लेन्सचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, जास्तीत जास्त किती मोठे उघडते हे त्यावरून कळते. येथे गणित उलटे आहे : आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि तितका उजेड अधिक.

कॅमेऱ्यासोबत सहसा १८-५५ मि.मी.ची झूम लेन्स मिळते. ५५ मि.मी.वर तिचे छिद्र बहुधा एफ ५.६ एवढेच उघडते. त्याऐवजी ५० मि.मी. एफ १.८ ही लेन्स लावली तर नऊ ते दहा पट अधिक उजेड आत येतो. पहिल्या लेन्सने जे चित्र १/२५ सेकंदात घ्यावे लागले असते, ते दुसरीने जवळजवळ १/२५० सेकंदात घेता येते. पहिल्या चित्रात मूल पुसट येईल, दुसऱ्यात स्पष्ट येईल. कॅमेरा तोच, खोलीतील दिवाही तोच.

पन्नास की पस्तीस?

झूम नसलेल्या, मोठ्या छिद्राच्या लेन्समध्ये ५० मि.मी. एफ १.८ ही सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असल्याने बहुतेक जण तीच घेतात. मात्र खरेदीपूर्वी घरातील खोली मोजून पाहावी. सामान्य डीएसएलआर आणि अनेक मिररलेस कॅमेऱ्यांमधील संवेदक जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो. त्यामुळे निकॉनवर ५० मि.मी.ची लेन्स ७५ मि.मी.सारखी, तर कॅननवर ८० मि.मी.सारखी वागते. मीटरभर उंचीचे मूल डोक्यापासून पायापर्यंत, थोडी जागा सोडून चौकटीत घ्यायचे असेल तर या लेन्सने आठ-नऊ फूट मागे जावे लागते. दहा बाय दहाच्या खोलीत तेवढे मागे सरकताना पाठ भिंतीला टेकते. ३५ मि.मी.च्या लेन्सने हेच काम सहा फुटांवरून होते. म्हणून घरातील खेळ, वाढदिवस, भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुली यांसाठी ३५ मि.मी. सोयीची, तर अंगणात, ओसरीवर किंवा केवळ चेहऱ्याच्या छायाचित्रासाठी ५० मि.मी. उत्तम.

याहून लहान केंद्रांतराच्या लेन्सने चेहऱ्याजवळ जाऊ नये. भ्रमणध्वनीतून अगदी जवळून घेतलेल्या चित्रात नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, ते अंतर कमी असल्यामुळे. दोन पावले मागे सरकले की चेहरा पूर्ववत दिसू लागतो.

मोठ्या छिद्राची किंमतही मोजावी लागते. ५० मि.मी. लेन्सने एफ १.८ वर, दीड मीटर अंतरावरून छायाचित्र घेतले तर जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट, पण कान पुसट अशी चित्रे येतात, ती यामुळेच. एकटे मूल असेल तर फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवावा. दोन भावंडे असतील तर त्यांना खांद्याला खांदा लावून बसवावे आणि छिद्र एफ ४ पर्यंत लहान करावे.

शाळेचे मैदान, ऋणमोचनची पौषातील रविवारची यात्रा किंवा तान्ह्या पोळ्याची मिरवणूक अशा ठिकाणी उजेड भरपूर आणि मूल दूर असते. तेथे ५५-२०० किंवा ५५-२५० मि.मी.ची साधी झूम लेन्सही पुरते. मात्र ती घरात आणून वाढदिवसाला वापरू पाहिल्यास पुन्हा पुसट चित्रांची तक्रार सुरू होते.

फ्लॅश समोरून नको, वरून हवा

मोठ्या छिद्राची लेन्सही रात्रीच्या अंधाऱ्या खोलीत अपुरी पडते. तेथे फ्लॅश लागतो. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश सोयीचा खरा. परंतु तो लेन्सच्या अगदी जवळ, समोर आणि आकाराने लहान असतो. त्यामुळे चेहरा सपाट व पांढरा येतो आणि मागे कठोर सावली पडते. शिवाय प्रकाशाचा नियम असा की, अंतर दुप्पट झाले की उजेड एकचतुर्थांश होतो. म्हणून पुढे बसलेले मूल भाजल्यासारखे पांढरे आणि मागची आजी अंधारात, असे दृश्य दिसते.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यावर बसविता येणारा, डोके वर आणि बाजूला वळणारा वेगळा फ्लॅश घ्यावा आणि त्याचा झोत छताकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवावा. तेथून परतणारा उजेड मोठ्या खिडकीतून आल्यासारखा मऊ असतो. स्लॅबच्या, चुना दिलेल्या घरात हे उत्तम साधते. कवेलूंच्या किंवा टिनाच्या छपराखाली मात्र छतावर भरवसा ठेवू नये. तेथे बाजूच्या भिंतीवर पांढरी चादर टांगून तिच्यावर झोत टाकावा. भिंत हिरवी वा गुलाबी असेल तर तोच रंग लेकराच्या गालावर उतरतो, हेही लक्षात असू द्यावे.

फ्लॅशची ताकद ‘गाइड नंबर’ने सांगितली जाते. या आकड्याला छिद्राच्या आकड्याने भागले की झोत किती मीटरपर्यंत पुरेल ते कळते. गाइड नंबर ३६ असेल, तर आयएसओ १०० आणि एफ ४ वर सरळ झोत नऊ मीटर पोहोचतो. छतावरून परतविताना मात्र वाटेत बराच उजेड खर्च होतो. म्हणून कमी ताकदीचा फ्लॅश घेऊ नये आणि आयएसओ ४०० किंवा ८०० ठेवण्यास कचरू नये. मूल सतत जागा बदलत असल्याने उजेडाचे प्रमाण आपोआप ठरविणारी टीटीएल पद्धत सोयीची पडते.

फ्लॅशचा आणखी एक गुण आहे. त्याची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही अल्प टिकू शकते. त्यामुळे खोलीत इतर उजेड फारसा नसेल, तर उडी मारणारे मूलही हवेत थबकल्यासारखे येते. भ्रमणध्वनीतील एलईडी दिव्याला हे जमत नाही; तो नुसताच काही काळ जळत राहतो. भर दुपारी टोपीच्या सावलीत चेहरा काळवंडत असेल तेव्हाही फ्लॅशची हलकी चमक उपयोगी पडते.

घरात फिल्मच्या काळातील जुना फ्लॅश पडलेला असेल, तर तो तपासल्याशिवाय डिजिटल कॅमेऱ्यावर लावू नये. अशा काही फ्लॅशच्या संपर्कबिंदूंवर दोनशे व्होल्टहून अधिक दाब असतो आणि त्याने कॅमेऱ्यातील नाजूक मंडल निकामी होऊ शकते.

डोळ्यातील पांढरी चमक दुर्लक्षू नका

समोरच्या फ्लॅशने डोळे लाल दिसतात, कारण झोत बाहुलीतून आत जाऊन रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मागील पडद्यावरून सरळ लेन्सकडे परततो. दोन्ही डोळ्यांत सारखी लाली असणे ही चिंतेची नव्हे, उलट निरोगी डोळ्याची खूण आहे. मात्र एका डोळ्यात लाली आणि दुसऱ्यात पांढरी किंवा पिवळसर चमक वारंवार दिसत असेल, तर ते छायाचित्र खराब म्हणून पुसून टाकू नये. मोतीबिंदू, तिरळेपणा किंवा दृष्टिपटलाचे इतर विकार त्यामागे असू शकतात. क्वचित ती रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाची पहिली खूण असते. हा रोग सुमारे १५ ते २० हजार जन्मांमागे एका बालकास होतो आणि बहुतांश वेळा पाच वर्षांच्या आतच आढळतो. वेळीच कळला तर जीव वाचतो, पुष्कळदा दृष्टीही राखता येते. उशीर झाला तर डोळा काढावा लागतो आणि जिवावरही बेतू शकते.

अमेरिकेतील बेलर विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांच्या मुलाला हाच आजार झाला होता. निदानानंतर त्यांनी घरातील जुनी छायाचित्रे चाळली, तेव्हा मूल अवघ्या १२ दिवसांचे असतानाच्या छायाचित्रातही ती पांढरी चमक होती. हा अभ्यास त्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे छायाचित्रांतील अशी चमक शोधणारे एक मोबाइल अ‍ॅपही तयार केले.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. चांगल्या छायाचित्रासाठी आपण झोत छताकडे वळवितो, तेव्हा डोळ्यातील ही परत येणारी चमक दिसतच नाही. कॅमेऱ्यातील आणि भ्रमणध्वनीतील ‘रेड-आय’ काढून टाकणारी सोय तर ती पुसूनच टाकते. म्हणून पहिल्या पाच वर्षांत अधूनमधून एखादे छायाचित्र मंद उजेडात, समोरच्या फ्लॅशने, रेड-आयची सोय बंद ठेवून आणि मूल लेन्सकडे पाहत असताना जरूर घ्यावे. मूल किंचित बाजूला पाहत असेल तर निरोगी डोळ्यातही कधी पांढरी चमक दिसते; त्यामुळे एका चित्राने घाबरून जाऊ नये. पण ती पुन्हा दिसली तर थांबू नये. मूळ छायाचित्र सोबत घेऊन अमरावतीला नेत्रतज्ज्ञांकडे जावे. आणि छायाचित्रात काही दिसले नाही म्हणून डोळे निरोगीच आहेत, असेही समजू नये. डॉक्टरांच्या तपासणीची जागा कॅमेरा घेऊ शकत नाही. साध्या फ्लॅशने बाळाचे डोळे जातात ही भीती मात्र निराधार आहे. फक्त तान्ह्या बाळाच्या तोंडाशी नेऊन तो उडवू नये.

खरेदी कोणत्या क्रमाने?

आधी मोठ्या छिद्राची एक लेन्स, नंतर डोके वळणारा फ्लॅश आणि सर्वांत शेवटी, गरज भासल्यास, झूम लेन्स असा क्रम ठेवावा. नवा कॅमेरा या यादीत बहुधा येतच नाही. कॅनन आणि निकॉन यांनी आता मिररलेसवर भर दिल्याने वापरलेले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स पुष्कळ मिळतात. त्यावरही काम उत्तम चालते. मात्र निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. तेथे जुन्या एएफ-डी लेन्सना हाताने फोकस करावा लागतो आणि पळत्या मुलामागे ते जमत नाही. जुनी लेन्स घेताना तिच्यातून आरपार दिव्याकडे पाहावे. आत जाळ्यासारखी बुरशी दिसली तर ती घेऊ नये.

वऱ्हाडचे हवामानही विसरू नये. बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनविलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्यापलीकडे जातो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कॅमेरा ठेवू नये. काळ्या मातीची धूळ उडत असताना लेन्स बदलू नये. पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा.

आणि शेवटचे, पण महत्त्वाचे. भ्रमणध्वनी हरवतो, बिघडतो आणि त्यासोबत लेकराचे बालपणही नाहीसे होते. वर्षाकाठी निवडक वीस-पंचवीस छायाचित्रे कागदावर छापून घ्यावीत, मागे तारीख लिहावी आणि मूळ चित्रांची एक प्रत दुसरीकडे जपून ठेवावी. पुढे मुलांना ती पाहताना आनंद होईलच. एखाद्या वेळी डॉक्टरांनाही त्यांचा उपयोग होईल.